देशातल्या दोन ठिकाणांची हवा आणि दिनक्रम यांची तुलना कशी करावी

बदली, नोकरी, शिक्षण किंवा निवृत्तीनंतरचे वास्तव्य अशा एखाद्या कारणाने देशाच्या दुसऱ्या भागात राहायला जायचे ठरले, की घरातला पहिला प्रश्न बहुधा हाच असतो की तिथली हवा कशी आहे. उत्तरादाखल मिळते ते ‘फार गरम’ किंवा ‘मस्त थंड’ असे एखादे विशेषण, नाहीतर मोबाइलवर त्या क्षणी दिसणारा आकडा. घर बदलण्यासारखा निर्णय यांवर घेता येत नाही. दिल्लीचे वार्षिक सरासरी तापमान २५ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे आणि मुंबईचे २७ च्या आसपास. एवढेच पाहिले तर दोन्ही शहरे जवळजवळ सारखी वाटतील. प्रत्यक्षात दिल्लीत जानेवारीतले किमान तापमान सरासरीने सात-आठ अंशांवर असते आणि मे महिन्यातले कमाल चाळिशीला पोहोचते, तर मुंबईत याच दोन महिन्यांचे आकडे साधारण १७ आणि ३४ असे असतात. वार्षिक सरासरीत हे सगळे बुजून जाते. म्हणून तुलना नेहमी महिन्याची महिन्याशी आणि शक्य तिथे तासाची तासाशी करावी, आणि त्या तासाला आपण काय करत असतो, हेही त्याच वेळी मांडावे.

आकडे कुठले घ्यावेत

भारतीय हवामानशास्त्र विभागाची स्थापना १८७५ साली झाली. देशभरातल्या वेधशाळांच्या दीर्घकालीन नोंदी या विभागाचे पुण्यातले कार्यालय संकलित करते आणि त्यांवरून प्रत्येक ठिकाणाची हवामान-सारणी तयार होते. जगभरच्या प्रथेप्रमाणे यासाठी ३० वर्षांचा काळ धरला जातो. सध्या १९९१ ते २०२० या काळाची सरासरी प्रमाण मानतात. सारणीत महिन्याच्या एका ओळीत सरासरी कमाल तापमान, सरासरी किमान तापमान, सकाळी साडेआठ व सायंकाळी साडेपाच या वेळांची आर्द्रता, एकूण पाऊस आणि पावसाचे दिवस असे रकाने सापडतात. कागदावर बारा ओळी आखून एका बाजूला आपल्या सध्याच्या गावाचे आणि दुसऱ्या बाजूला नव्या गावाचे हे रकाने उतरवून घ्यावेत. निम्मे काम इथेच होते, कारण आपल्या गावच्या आकड्याचा अर्थ आपल्याला अंगाने ठाऊक असतो आणि समोरचा आकडा त्याच्याशी ताडून पाहता येतो.

हा आकडा मोजला कसा जातो, हेही ध्यानात असू द्यावे. वेधशाळेतला तापमापक मोकळ्या जागेत, पांढऱ्या रंगाच्या आणि झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर ठेवलेला असतो. पेटीतून वारा खेळतो, पण तापमापकावर ऊन पडत नाही. म्हणजे ४२ अंश हे सावलीतल्या हवेचे तापमान झाले. डांबरी रस्त्यावर, पत्र्याच्या छपराखाली किंवा वरच्या मजल्यावरच्या गच्चीलगतच्या खोलीत प्रत्यक्षात काय सोसावे लागेल, ते त्यावरून थेट कळत नाही.

सारणीत उच्चांकाचाही रकाना असतो आणि नजर आधी तिकडेच जाते. राजस्थानातल्या फलोदी इथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदले गेले, ही नोंद देशभर गाजली. पण फलोदीच्या माणसाचे वर्ष त्या एका दुपारीवर चालत नाही. उच्चांक आणि नीचांक हे घर, टाकी, वायरिंग यांची तयारी कुठवर असावी हे ठरवण्यासाठी वापरावेत आणि रोजच्या जगण्याचा अंदाज सरासरीवरूनच घ्यावा. उलट, तीस वर्षांच्या सरासरीत अलीकडचे बदल थोडे उशिरा उमटतात. त्यामुळे गेल्या चार-पाच उन्हाळ्यांच्या बातम्या आणि नोंदी एकदा चाळून घेतलेल्या बऱ्या.

एका शहराला एकच आकडा पुरतो, असेही समजू नये. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा त्याच शहराच्या दक्षिण टोकाला कुलाब्यात शंभर मिलिमीटरही झाला नव्हता. जिथे राहायचे आहे त्याला सर्वांत जवळचे केंद्र कोणते, ते समुद्रापासून किती अंतरावर आहे आणि त्याची उंची किती, हे पाहूनच आकडा उचलावा. सह्याद्रीच्या आसपास तर ही काळजी फारच आवश्यक आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि घाट उतरून पायथ्याच्या वाईत आले की तो हजाराच्याही आत येतो.

उकाड्याचा हिशेब

माणसे सर्वांत जास्त फसतात ती इथे. नागपूरचे मे महिन्यातले सरासरी कमाल तापमान ४२-४३ अंश असते आणि मुंबईचे ३४ च्या आत, म्हणून नागपूरकराने मुंबईला येताना सुटकेचा निःश्वास टाकावा असे कोणालाही वाटेल. मात्र घाम वाळला तरच अंग थंड होते आणि घाम वाळणे हे हवेत आधीच किती बाष्प आहे त्यावर अवलंबून असते. हवेची थंड करण्याची ही क्षमता मोजण्याचा एक जुना मार्ग आहे. तापमापकाच्या फुग्याभोवती ओले मलमलीचे फडके गुंडाळून त्यावर वारा घातला की पारा जिथवर उतरतो, त्याला ओल्या फुग्याचे तापमान म्हणतात. हवा ४२ अंशांची आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर हा पारा साधारण २४ अंशांपर्यंत खाली येतो. हवा ३३ अंशांची आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर तो २८ च्या आसपास अडकतो. म्हणजे कोरड्या हवेत ओल्या फडक्याने अठरा अंशांची उतार मिळते आणि दमट हवेत जेमतेम पाच अंशांची.

याचा रोजच्या जगण्याशी थेट संबंध आहे, कारण वाळ्याच्या ताट्या, कूलर, माठ आणि अंगावरचा ओला पंचा ही सारी साधने याच तत्त्वावर चालतात. विदर्भात, राजस्थानात किंवा मे महिन्यातल्या दिल्लीत खिडकीत बसवलेला कूलर खोली खरोखर थंड करतो. तोच कूलर ट्रकमध्ये घालून मुंबई, चेन्नई किंवा कोलकात्याला नेला, तर खोलीत दमटपणाची भर घालण्यापलीकडे तो फारसे काही करत नाही. दिल्लीतही मोसमी पाऊस साधारण २७ जूनला पोहोचला की कूलरचा उपयोग झपाट्याने घटतो. त्यामुळे सामान बांधण्यापूर्वी सायंकाळच्या आर्द्रतेचा रकाना पाहावा. मार्च ते जूनमध्ये ती २०-३० टक्क्यांत असेल तर कूलर सोबत न्यावा, आणि ६०-७० असेल तर तो इथेच कोणाला तरी द्यावा आणि नव्या घरी पंखे, आरपार वारा व एखाद्या खोलीत एसी यांचा विचार करावा.

आर्द्रतेची टक्केवारी वाचताना वेळ मात्र जुळवून घ्यावी. सकाळी साडेआठची आर्द्रता जवळपास सगळीकडेच अधिक दिसते, कारण हवा थंड असली की तेवढेच बाष्प जास्त टक्के भरते. एका शहराची सकाळची आणि दुसऱ्याची सायंकाळची टक्केवारी शेजारी ठेवून काढलेला निष्कर्ष निरुपयोगी ठरतो. दवबिंदूचा, म्हणजे हवेतल्या बाष्पाचे ज्या तापमानाला दव होऊ लागते त्याचा, आकडा मिळत असेल तर तो अधिक भरवशाचा, कारण तो दिवसभरात फारसा हलत नाही. तो १५-१६ अंशांच्या खाली असेल तर हवा सुखद वाटते आणि २४-२५ वर गेला की अंग चिकचिकते, मग तापमापक काहीही म्हणो.

दिवसाच्या कमाल तापमानाइतकेच रात्रीचे किमानही महत्त्वाचे आहे, किंबहुना माझ्या मते राहण्यासाठी जागा निवडताना तेच आधी पाहावे. दुपार कचेरीत किंवा वर्गात निघते. झोप घरीच घ्यायची असते. मे महिन्यात मुंबईची रात्र २७ अंशांच्या खाली सहसा जात नाही आणि नागपूरचे सरासरी किमानही जवळपास तेवढेच असते, फक्त नागपूरची हवा कोरडी असल्यामुळे गच्चीवर पाणी शिंपडून झोपण्याचा उपाय तिथे लागू पडतो. सुमारे ९२० मीटर उंचीवरच्या बंगळूरला मात्र उन्हाळ्यातही रात्री गारवा येतो, आणि त्या शहराच्या हवेची जी ख्याती आहे तिचे बरेचसे श्रेय या रात्रींना जाते. तिथला सर्वांत उष्ण महिना एप्रिल आहे, मे नव्हे, हेही कागदावरच्या ओळींतून लगेच दिसेल. मुंबईच्या ओळींत ऑक्टोबरला कमाल तापमान पुन्हा मे महिन्याच्या बरोबरीला येते. पाऊस ओसरला की थंडी येईल अशा समजुतीने तिथे जाणाऱ्याला हा दुसरा उन्हाळा अनपेक्षित असतो.

उष्णतेच्या लाटेची बातमी वाचतानाही ठिकाण पाहावे लागते. मैदानी प्रदेशात कमाल तापमान ४० अंशांना पोहोचल्याशिवाय हवामान विभाग लाटेचा विचार करत नाही; किनाऱ्यावर ही मर्यादा ३७ ची आणि डोंगराळ भागात ३० ची आहे, आणि सहसा सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांची वाढही असावी लागते. रत्नागिरीत ३८ अंश आणि अकोल्यात ३८ अंश या दोन निरनिराळ्या बातम्या आहेत.

पाऊस किती, आणि कसा

पावसाचा वार्षिक आकडा हा तापमानाच्या सरासरीपेक्षाही फसवा आहे. पुणे आणि दिल्ली या दोन्ही ठिकाणी वर्षाला साधारण सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. तरी पुण्यात तो अधिक दिवसांवर पसरलेल्या भुरभुरीने येतो आणि दिल्लीत कमी दिवसांत, मोठ्या सरींनी. यासाठी ‘पावसाचे दिवस’ हा रकाना उपयोगी पडतो. ज्या दिवशी अडीच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस होतो, तोच त्यात धरला जातो. महिन्याचा पाऊस या दिवसांनी भागला की एका पावसाळी दिवसाचा जोर कळतो. भागाकार मोठा आला तर तुंबणारे रस्ते आणि बंद पडणाऱ्या गाड्या यांची चौकशी करावी. दिवस जास्त आणि भागाकार लहान आला तर चौकशी ओल, बुरशी आणि कपडे वाळवण्याच्या सोयीची करावी. वेधशाळेचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, त्यामुळे मंगळवारच्या रात्री कोसळलेला पाऊस बुधवारच्या नोंदीत दिसतो, ही बारीक गोष्ट रोजचे आकडे पडताळताना लक्षात ठेवावी.

पाऊस कधी येतो, यावर तर शाळेच्या सुट्ट्यांपासून लग्नाच्या तारखांपर्यंत सारे अवलंबून असते. नैर्ऋत्य मोसमी वारे सरासरीने १ जूनला केरळात, ११ जूनला मुंबईत आणि ८ जुलैपर्यंत सगळ्या देशावर पोहोचतात. माघार १७ सप्टेंबरच्या सुमारास पश्चिम राजस्थानातून सुरू होते आणि मुंबईतून ते ८ ऑक्टोबरच्या आसपास निघतात. चेन्नईला हे वेळापत्रक लागूच पडत नाही. ती पर्जन्यछायेत असल्याने तिचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो आणि नोव्हेंबर हा तिथला सर्वांत ओला महिना असतो. दिवाळीनंतर पाऊस संपला, असे मराठी मनाने गृहीत धरून त्या सुमारास चेन्नईत तळमजल्यावरचे घर घेणे धोक्याचे आहे. काश्मीर खोऱ्यातला बराचसा पाऊस आणि बर्फ हिवाळ्यात आणि वसंतात पश्चिमी विक्षोभांमुळे, म्हणजे भूमध्य समुद्राच्या बाजूने येणाऱ्या वादळी हवेमुळे पडतो. बंगाल आणि आसामात मोसमी पावसाच्या आधीच, मार्च-एप्रिलपासून, दुपार उलटल्यावर गडगडाटी वादळे येऊ लागतात. बंगालमध्ये त्यांना कालबैशाखी म्हणतात. आपल्याकडचा वळीव त्याच जातीचा, पण त्यामानाने सौम्य.

कोकणातल्या जुलैचा अनुभव नसलेल्या माणसाला ‘आर्द्रता ९० टक्के’ याचा अर्थ घरात शिरल्यावरच कळतो. मिठाच्या बरणीत पाणी सुटते, काडेपेटीच्या काडीचा गुल ओला होऊन चुरगळतो, लाकडी दार फुगून चौकटीत अडते, कपाटातल्या चामडी पट्ट्यावर पांढरी बुरशी चढते आणि दोरीवरचे कपडे तीन दिवसांनीही कुबट ओलेच राहतात. यातले काहीही तापमानाच्या रकान्यात दिसत नाही. पुस्तके, कॅमेऱ्याची भिंगे, तंतुवाद्ये किंवा दम्याचा त्रास असलेले माणूस घरात असेल, तर या चार महिन्यांचा विचार उन्हाळ्याच्याही आधी करावा.

थंडी, उंची आणि उजेड

थंडीच्या बाबतीत बाहेरच्या तापमानापेक्षा घरात उबेची सोय आहे का, हा प्रश्न मोठा आहे. दिल्ली, लखनऊ किंवा पाटण्यातली बरीचशी घरे उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली असतात. त्यांच्या फरश्या आणि भिंती जानेवारीत गारठतात आणि दाट धुक्यामुळे कित्येक दिवस ऊनही मिळत नाही. त्या दिवसांत गाड्या तासन्‌तास उशिराने धावतात, हे प्रवासाचे बेत आखताना धरूनच चालावे. थंड, जड हवा जमिनीलगत साचून राहिल्याने गंगेच्या मैदानात याच काळात प्रदूषण वाढते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक २०० पर्यंत ‘मध्यम’ समजला जातो, ३०० च्या वर तो ‘अत्यंत वाईट’ होतो आणि ४०० च्या वर ‘गंभीर’. हा निर्देशांकही वर्षाचा न पाहता नोव्हेंबर ते जानेवारीचा वेगळा पाहावा. श्रीनगरला २१ डिसेंबर ते ३० जानेवारी हा चाळीस दिवसांचा कडाक्याचा काळ चिलई कलान म्हणून ओळखला जातो, आणि त्यात नळाचे पाणी गोठणे ही नित्याची बाब असते.

उंचीचा हिशेब सोपा आहे. दर हजार मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते, त्यामुळे जवळच्या मैदानी शहराचा आकडा ठाऊक असेल तर डोंगरावरच्या गावाचा अंदाज बांधता येतो. लेहसारख्या साडेतीन हजार मीटरवरच्या ठिकाणी मात्र हवेचा दाबही विचारात घ्यावा लागतो. तिथे पाणी सुमारे ८८ अंशांनाच उकळते, म्हणून डाळ-तांदळाला प्रेशर कुकर लागतोच, आणि विमानाने पोहोचल्यावर पहिले दोन दिवस विश्रांती घेणे भाग असते.

उजेडाचा विचार जवळपास कोणीच करत नाही. सगळ्या देशाचे घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेले आहे आणि रेखांशाच्या एका अंशामागे सूर्य चार मिनिटांनी सरकतो. गुवाहाटीत जूनमध्ये सकाळी साडेचारच्या सुमारास सूर्य उगवतो, तेव्हा मुंबईत सूर्योदयाला अजून दीड तास असतो. डिसेंबरात गुवाहाटीत सायंकाळी साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि मुंबईत सहाला. आसामातल्या चहाच्या मळ्यांनी तर आपले घड्याळ तासभर पुढे ठेवण्याची पद्धत फार पूर्वीपासून चालवली आहे. मुलांच्या शाळेची वेळ, संध्याकाळचे फिरणे आणि एकटीने घरी परतण्याची वेळ हे सारे या उजेडाशी बांधलेले असते, म्हणून कागदावर सूर्योदय-सूर्यास्ताचाही एक रकाना वाढवावा.

कागदावरून प्रत्यक्षात

रकाने भरून झाले की आपला नेहमीचा दिवस त्यांच्यावर ठेवून पाहावा. सकाळी सातला निघणारा, दुपारी एकला भर उन्हात दुचाकीवरून हिंडणारा आणि रात्री अकराला झोपणारा माणूस यांना एकच शहर निरनिराळे भेटते. घरातल्या प्रत्येकासाठी, विशेषतः वृद्ध आणि लहान मुले यांच्यासाठी, हा हिशेब वेगळा करावा. घर पाहताना देशाच्या इमारत संहितेने केलेले उष्ण-कोरडा, उष्ण-दमट, मिश्र, समशीतोष्ण आणि थंड हे पाच हवामान-विभाग मनात ठेवावेत. उष्ण-कोरड्या भागात जाड भिंती आणि लहान खिडक्या हा गुण असतो. उष्ण-दमट भागात तोच दोष ठरतो, कारण तिथे वारा खेळता राहणे अधिक गरजेचे असते.

शक्य असेल तर एक फेरी नव्या गावी मुद्दाम तिथल्या सर्वांत त्रासाच्या महिन्यात करावी. जानेवारीत चेन्नई पाहून किंवा फेब्रुवारीत नागपूर पाहून घेतलेला निर्णय म्हणजे साखरपुड्यात पाहिलेल्या माणसावरून स्वभाव ठरवण्यासारखे आहे. तिथे गेल्यावर ‘हवा कशी आहे’ असे विचारू नये, कारण रहिवाशाला आपल्या हवेची सवय झालेली असते आणि तो ‘ठीक आहे’ असेच सांगतो. त्याऐवजी कपडे घरात वाळवावे लागतात का, आणि लागत असतील तर कोणत्या महिन्यांत; उन्हाळ्यात पाणी किती दिवसांआड येते; दुपारी बाजार किती वाजता बंद होतो आणि पुन्हा कधी उघडतो; वीज कोणत्या महिन्यात सर्वाधिक जाते आणि वीजबिल कोणत्या महिन्यात सर्वांत जास्त येते, असे प्रश्न विचारावेत. वीजबिलाच्या पाठीमागे किंवा वीज कंपनीच्या ॲपवर मागच्या बारा महिन्यांचा युनिटचा वापर बहुधा छापलेला असतो. घरमालकाची हरकत नसेल तर तो पाहून घ्यावा. पंखे, गीझर आणि एसी कोणत्या महिन्यांत किती चालतात, हे त्यावरून कळते.

मुक्काम हलवण्याची तारीख आपल्या हातात असेल, तर ती दोन्ही कागद शेजारी ठेवून ठरवावी. किनाऱ्यावरून कोरड्या उष्ण प्रदेशात जाणाऱ्याने नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जावे, म्हणजे उन्हाळा येईपर्यंत शरीराला चढत्या तापमानाची हळूहळू सवय होते. मैदानातून कोकणात किंवा केरळात जाणाऱ्याने जून टाळावा, कारण ओल्या सामानाने भरलेल्या खोल्या नंतर सप्टेंबरपर्यंत वाळत नाहीत. चेन्नईला जाणाऱ्यासाठी जानेवारी-फेब्रुवारी सोयीचा, आणि काश्मीर किंवा हिमाचलात जाणाऱ्याने लाकूड, हीटर व पाण्याची सोय पहिल्या बर्फाआधी लावता यावी म्हणून सप्टेंबर अखेरपर्यंत पोहोचलेले असावे.